कोर्स आउटकम मोजताना एकूण गुणांवर थांबू नका

मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तेवीस वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम माझ्याकडे होतं. नवीन रुजू झालेले प्राध्यापक अजूनही फोन करून विचारतात, "मॅडम, ते सीओ-पीओ ॲटेनमेंट कसं काढायचं?" सीओ म्हणजे कोर्स आउटकम: एक विषय शिकून विद्यार्थ्याला काय करता यावं. पीओ म्हणजे प्रोग्रॅम आउटकम: पूर्ण पदवीनंतर काय यावं. ॲटेनमेंट म्हणजे त्यातलं किती साध्य झालं. त्यांना फोनवर जे सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी आमची चूक सांगते. एका वर्षी नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, पीअर टीम तपासणीला येणार होती. त्यांच्या तेव्हाच्या सात निकषांच्या आराखड्यातल्या मुद्दा क्रमांक २.६ साठी विद्यार्थ्यांना काय आलं ते दाखवायचं होतं. आम्ही दोन रात्रींत सगळ्या विषयांचे तक्ते भरले. ॲटेनमेंटची पातळी सगळीकडे ३ पैकी २.६, २.७. टीममधल्या एका बाईंनी विचारलं, "हा २.७ कुठल्या उत्तरपत्रिकांतून आला, त्या दाखवता का?" कपाटात गठ्ठे होते. पण कुठला प्रश्न कुठल्या आउटकमसाठी विचारला होता, हे एकाही कागदावर नव्हतं. त्या दुपारची लाज मी विसरले नाही. पण त्याहून जास्त टोचलं ते नंतर. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) ऑक्झॅलिक आम्लाचं १०० मिली द्रावण करायला सांगितलं, आणि निम्मी मुलं तराजूपाशी नुसती उभी राहिली.

तर सुरुवात आउटकमच्या वाक्यापासून करा. "विद्यार्थ्याला अनुमापनाची (टायट्रेशनची) संकल्पना समजेल" हे वाक्य खोडून टाका. समजलं की नाही, हे तुम्ही बघणार कसं? मी असं लिहिते: "विद्यार्थी स्वतः वजन करून प्रमाण द्रावण तयार करेल आणि त्याच्या आधारे दिलेल्या अल्कलीची तीव्रता २ टक्क्यांच्या आत काढेल." यातला प्रत्येक शब्द प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसतो. ब्लूमने मांडलेल्या शिकण्याच्या सहा पातळ्यांची क्रियापदं भिंतीवर लावून ठेवा, उपयोग होतो, पण "विश्लेषण करेल" लिहून पेपरात "व्याख्या लिहा" विचारलंत तर त्या क्रियापदाला अर्थ राहत नाही. एका विषयाला चार ते सहा आउटकम पुरेत.

मॅपिंगचा तक्ता, म्हणजे कुठला सीओ कुठल्या पीओशी किती जोडलेला आहे ते १ ते ३ आकड्यांत दाखवणारा तक्ता, भरताना सगळ्या रकान्यांत ३ टाकायचा मोह होतो. टाकू नका. टायट्रेशनच्या कोर्सचा "सामाजिक जबाबदारी"शी संबंध नसेल तर तिथे सरळ आडवी रेघ मारा. रिकाम्या रकान्याला कोणी नावं ठेवत नाही. समर्थन न करता येणाऱ्या ३ ला ठेवतात.

आता उत्तरपत्रिकांकडे या, कारण खरी गोम इथे आहे. संलग्न महाविद्यालयात विद्यापीठाकडून आपल्या हातात फक्त एकूण गुण येतात. ५२ गुण मिळालेल्या मुलाला काय येतं आणि काय येत नाही, हे त्या ५२ वरून कळत नाही. म्हणून आउटकमवार पुरावा अंतर्गत चाचणीतूनच गोळा करावा लागतो. चाचणीचा पेपर काढतानाच प्रत्येक उपप्रश्नापुढे सीओ क्रमांक लिहा. तपासताना प्रश्नवार गुण वहीत उतरवा. ४२ मुलांच्या वर्गाला पाऊण तास जास्त लागतो, इतकंच.

पर्यायी प्रश्नांची भानगड मात्र नीट समजून घ्या. "कोणतेही तीन सोडवा" असा प्रश्न होता. त्यातला नॉर्मलिटीचा उपप्रश्न ११ मुलांनी सोडवला आणि ९ जणांना ६० टक्क्यांच्या वर गुण मिळाले, म्हणजे त्यांनी ठरवलेलं लक्ष्य गाठलं. छेदात ११ घेतले तर ८२ टक्के मुलं लक्ष्यापर्यंत पोहोचली. ४२ घेतले तर २१ टक्के. तक्त्यात ८२ छान दिसतात आणि नियमाला धरूनही आहेत, कारण जो प्रश्न मुलाने निवडलाच नाही त्यात त्याला नापास ठरवणं बरोबर नाही. पण ३१ मुलांनी तो प्रश्न टाळला, हीच त्या चाचणीतली सगळ्यात मोठी बातमी होती. तेव्हापासून प्रत्येक सीओचा किमान एक प्रश्न मी अनिवार्य भागात ठेवते.

प्रात्यक्षिकाचं मूल्यमापन वेगळं. आमच्याकडे पूर्वी सगळ्यांचं रीडिंग ९.८ नाही तर ९.९ यायचं, कारण पहिल्या टेबलावरचा आकडा शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचायचा. आता प्रत्येकाच्या बाटलीत वेगळ्या तीव्रतेचं द्रावण असतं, ०.०८ ते ०.१२ नॉर्मलच्या दरम्यान. कुठल्या बाटलीत काय आहे, हे फक्त लॅब असिस्टंटना आणि मला ठाऊक. उत्तर २ टक्क्यांच्या आत आलं तर पूर्ण गुण, ५ टक्क्यांच्या आत आलं तर निम्मे. शिवाय मी चार गोष्टी उभं राहून बघते: वजन आणि फ्लास्क खुणेपर्यंत भरणं, ब्युरेट डोळ्यांच्या रेषेत वाचणं, शेवटचा बिंदू, आणि गणित. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग फिक्कट गुलाबी आला आणि टिकला तर ३ पैकी ३; गडद राणी रंग आला, म्हणजे दोन-चार थेंब जास्त पडले, तर १. एका वेळी २१ मुलांवर लक्ष ठेवता येत नाही. दर प्रात्यक्षिकाला पाच-सहा जणच बघा, चार पाळ्यांत बॅच पूर्ण होते. दुसरे सहकारीही गुण देणार असतील तर पहिली पाच मुलं दोघांनी मिळून तपासा. तुमचा २ आणि त्यांचा २ एकच आहे का, ते तिथेच कळतं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच तक्त्यात येत नाही. आमची बहुतेक मुलं बारावीपर्यंत घरी-दारी मराठीत विचार करणारी, पेपर इंग्रजीत. एका मुलीने डायल्युशनचा प्रश्न कोरा सोडला होता. मी तिला टेबलापाशी बोलावून विचारलं, "१ नॉर्मल द्रावणातून ०.१ नॉर्मलचं १०० मिली करायचंय, किती घेशील?" ती लगेच म्हणाली, "दहा मिली, मॅडम, आणि वर खुणेपर्यंत पाणी." रसायनशास्त्र तिला येत होतं. अडली होती ती प्रश्नाच्या लांबलचक वाक्यात. म्हणून ज्या सीओचा आकडा घसरलेला दिसेल, त्यावर सात-आठ मुलांना तोंडी, त्यांच्या भाषेत विचारा. त्याची नोंद तारीख घालून ठेवा. तोही पुरावाच आहे.

गणित सोपं आहे. बरीच महाविद्यालयं ६० टक्के मुलांनी लक्ष्य गाठलं तर पातळी १, ७० टक्क्यांनी तर २, ८० टक्क्यांनी तर ३ असं धरतात. तुम्ही वेगळं ठरवू शकता, फक्त वर्ष सुरू होण्याआधी ठरवा आणि विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहा. चाचणी-प्रात्यक्षिकाच्या थेट पुराव्याला ८० टक्के आणि मुलांकडून भरून घेतलेल्या सर्वेक्षणाला २० टक्के भार देण्याची पद्धत रूढ आहे. सर्वेक्षणात मुलं सगळीकडे "पूर्ण सहमत"वर खूण करतात. मी त्यात एक प्रश्न घालते: "कुठला प्रयोग एकट्याने करायची भीती वाटते?" तिथे खरी उत्तरं येतात.

त्या तराजूच्या प्रसंगानंतर आम्ही मागे वळून पाहिलं तेव्हा कारण समोरच होतं. ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण वर्षानुवर्षं लॅब असिस्टंट तयार करून ठेवत होते. वेळ वाचायचा. मुलांनी ०.६३ ग्रॅम कधी तोललेलंच नव्हतं. मग पहिला तास द्रावण करण्याला दिला. डिजिटल तराजू एकच, म्हणून अर्धी बॅच ब्युरेट धुऊन भरेपर्यंत अर्धी तराजूवर. पहिल्या वर्षी ४२ पैकी १२ मुलांना हे जमलं, पुढच्या वर्षी ४१ पैकी २७ जणांना. उरलेल्या चौदांची नावं माझ्या वहीत आहेत. त्यातले नऊ जण वजन अचूक करतात, पण फ्लास्क भरताना खुणेच्या वर जातात. जूनमध्ये त्यांना आधी नुसतं पाणी आणि ड्रॉपर देऊन फ्लास्क खुणेपर्यंत भरायला लावणार आहे.