देवघेवीच्या जुन्या वह्या वाचायला घेताना

ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात नव्याने उतरणाऱ्यांना विद्यापीठ ग्रंथालयांच्या जुन्या देवघेव-नोंदवह्यांचा मोह पडतोच. कोणी काय वाचलं याचा आयता पुरावा हाती लागला असं वाटतं. मी स्कॉटलंडच्या अठराव्या शतकातल्या नोंदींवर काम केलं आहे. वही सांगते ते एवढंच, की अमुक पुस्तक अमक्याच्या नावावर बाहेर गेलं. पुढे ते उघडलं की नाही, देव जाणे.

सुरुवात स्कॉटलंडपासून करणं सोयीचं. १७१०च्या कॉपीराइट कायद्यामुळे तिथल्या विद्यापीठांना नव्या पुस्तकांची प्रत मिळायची, त्यामुळे संग्रह ताजा असे. शिवाय स्टर्लिंग आणि ग्लासगो विद्यापीठांच्या प्रकल्पाने १८ ग्रंथालयांच्या १७५० ते १८३० या काळातल्या नोंदी ऑनलाइन खुल्या केल्या आहेत. तरी मूळ पानांची छायाचित्रं बघाच. पुस्तक परत आलं की नोंदीवर काट मारत, आणि ती रेघ हमखास शीर्षकावरूनच जाते. त्यात त्या काळचा लांबट ‘एस’ थेट ‘एफ’सारखा दिसतो. डोळा बसायला वेळ लागतो, घाई करू नका.

खरी गंमत त्रोटक शीर्षकांत आहे. ‘ह्यूमचा इतिहास, खंड १’ ही नोंद घ्या. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने इंग्लंडचा इतिहास उलट्या क्रमाने लिहिला. १७५४ साली आलेल्या पहिल्या खंडात पहिला जेम्स आणि पहिला चार्ल्स हे स्टुअर्ट घराण्यातले राजे आहेत. रोमन स्वारीपासूनचा भाग शेवटी, १७६२च्या सुमारास आला. मग सगळे खंड कालक्रमाने लावले गेले आणि ‘खंड १’ म्हणजे ज्युलियस सीझर झाला. म्हणजे नोंदीची तारीख आणि ग्रंथालयाकडची आवृत्ती जुळवल्याशिवाय खंड नेणाऱ्या विद्यार्थ्याने स्टुअर्ट राजे नेले की रोमन, हे सांगताच येत नाही. त्या वेळची ग्रंथयादी मिळवा, तिच्याशिवाय नोंदींचा तक्ता भरायला बसू नका.

माणसं ओळखणंही सोपं नाही. जॉन, जेम्स, विल्यम यांचा नुसता सुळसुळाट. ग्लासगोची १७२८ ते १८५८ची प्रवेशनोंद छापील मिळते, पण वर्गात बसणारा प्रत्येक जण नाव नोंदवायचाच असं नाही. विद्यार्थ्याच्या नोंदीपुढे प्राध्यापकाचं नाव दिसलं, तर ते पुस्तक त्यानेच वाचायला सांगितलं असं धरू नका. ती नुसती परवानगीही असू शकते. विकत घेतलेली क्रमिक पुस्तकं तर वहीत येणारच नाहीत.

नामवंतांच्या मागे धावणं मला फारसं पटत नाही. वैद्यकी शिकायला एडिंबराला गेलेल्या चार्ल्स डार्विनने तिथे काय नेलं, हे बघायला सगळेच जातात. त्यापेक्षा एखादा बहुखंडी ग्रंथ धरा आणि वर्षभर त्याचा माग काढा. पहिला खंड बऱ्याच जणांनी नेलेला, तिसऱ्यापाशी नावं आटलेली दिसतील. लगेच ‘वाचक कंटाळले’ असं लिहू नका. तिसरा खंड तेव्हा एखाद्या प्राध्यापकाच्या घरी तर अडकून पडला नव्हता ना, ते त्यांच्या वेगळ्या वहीत आधी तपासा.