‘माहीत नाही’ हे उत्तर कसे वापरावे

काकांच्या दहाव्याला पुण्यातल्या ओंकारेश्वराजवळच्या घाटावर आम्ही पाऊण तास उभे होतो आणि कावळा काही पिंडाला शिवेना. चार कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एक तर भिंतीवर येऊन, मान वाकडी करून भाताकडे बघूनही गेला, पण खाली उतरायला कोणी तयार नव्हते. गुरुजींनी सवयीने दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात आत्या पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, ‘‘दादा, वहिनीची काळजी करू नकोस, आम्ही सगळे आहोत.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘तूही म्हण.’’ मी म्हणालो. मिनिटभरात एक कावळा उतरला आणि भाताचे शीत घेऊन गेला. परतताना रिक्षात आत्याने विचारले, ‘‘आता तरी पटलं ना?’’ मी म्हणालो, ‘‘मला माहीत नाही, आत्या.’’ ती चिडली. ‘नाही पटलं’ हे उत्तर तिला परवडले असते. ‘माहीत नाही’ म्हणजे तिच्या लेखी निव्वळ अंग काढून घेणे होते.

तिचा आक्षेप खोटा नव्हता. ‘माहीत नाही’ हे उत्तर अंग काढून घेण्यासाठी वापरता येते आणि प्रामाणिक राहण्यासाठीही वापरता येते. यातला फरक घरात, सणावारी आणि सकाळी वर्तमानपत्रातले परराष्ट्रांचे पान उघडल्यावर कसा सांभाळावा, याची जी रीत मला हळूहळू सापडत गेली ती येथे मांडतो.

पहिले काम शब्दांचे आहे, आणि त्यासाठी मराठीने आपली सोय आधीच करून ठेवली आहे. ‘अज्ञात’ म्हणजे जे आज ठाऊक नाही ते. ‘अज्ञेय’ म्हणजे जे जाणताच येणार नाही, निदान मानवी साधनांनी येणार नाही, ते. थॉमस हेन्री हक्सले यांनी १८६९ मध्ये जो इंग्रजी शब्द घडवला त्याला आपण अज्ञेयवाद म्हणतो, पण वृत्ती त्या शब्दाहून पुष्कळ जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२९ वे सूक्त, म्हणजे नासदीय सूक्त, सृष्टी कोठून झाली हे नक्की कोण जाणतो असे विचारते आणि शेवटच्या ऋचेत तर परम आकाशात असलेला या जगाचा अध्यक्ष हे जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल, असे म्हणून थांबते. बाण लागलेला माणूस तो कोणी मारला, त्याचे कूळ कोणते, धनुष्य कसले, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नसेल तर तो मरून जाईल, हा बुद्धाने मालुंक्यपुत्ताला दिलेला दृष्टान्तही याच घरातला. तेव्हा ‘हे विलायती खूळ आहे’ असे कोणी म्हणाल्यास वाद घालू नये. सूक्ताचा क्रमांक सांगावा.

कोणताही प्रश्न पुढे आला की तो प्रथम या दोन कप्प्यांपैकी एकात टाकावा. कावळ्याला काकांचा आत्मा दिसत होता का, हा अज्ञेय प्रश्न आहे. कावळा इतका वेळ का उतरत नव्हता, हा मात्र अज्ञात प्रश्न आहे. त्याला आमची गर्दी, शेजारच्या पिंडांवर झालेले पोटभर जेवण, घारीची भीती अशी तपासता येण्याजोगी उत्तरे असू शकतात. काकूची काळजी कोण घेणार, हा प्रश्न या दोन्ही कप्प्यांत बसत नाही, कारण तो जाणण्याचा नसून ठरवण्याचा आहे, आणि मी तर तो घाटावर, साक्षीदारांसमोर, ठरवून बसलो होतो. कावळ्याविषयी माझे काहीही मत असले तरी तो शब्द मला बांधून होता. हे आत्याला रिक्षात सांगायला हवे होते. तेव्हा सुचले नाही.

सणावाराचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात लोक समजतात तेवढी अडचण नसते. गणपतीत सोसायटीची वर्गणी द्यावी, आरतीला उभे राहावे, टाळ हातात आला तर वाजवावा आणि ठेका चुकू देऊ नये. आरतीला उभे राहणे म्हणजे प्रतिज्ञापत्रावर सही करणे नव्हे. आषाढीच्या आधी माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला येते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी द्यायला विठ्ठलाच्या अस्तित्वाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. जेथे रिवाजापायी कोणाचे तरी नुकसान होते, म्हणजे शेजारच्या विधवा बाईंना हळदीकुंकवातून वगळले जाते किंवा अमावास्या म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, तेथे मात्र ‘माहीत नाही’ म्हणू नये, कारण तेथे माहीत असते. माझी आई मोतीबिंदूसाठी पौर्णिमेनंतरची तारीख मागत होती. डॉक्टरांनी चार दिवसांनी काही बिघडत नाही असे सांगितले आणि मी गप्प राहिलो. प्रश्न अपेंडिक्सचा असता तर गप्प राहिलो नसतो.

अर्जातल्या ‘धर्म’ या रकान्याबाबत पुष्कळ जण विचारतात. कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही आणि ‘माझा कोणताही धर्म नाही’ असे म्हणण्याचा अधिकार राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदातच आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८.७ लाख लोकांच्या नावापुढे ‘धर्म नमूद नाही’ अशी नोंद झाली. त्यांतले विचारपूर्वक किती आणि प्रगणकाच्या कंटाळ्यामुळे किती, हा प्रश्न अर्थातच अज्ञात या कप्प्यातला आहे.

खरी कसरत टेकडीवर सुरू होते. सकाळी हनुमान टेकडीवर आमचा सहा-सात जणांचा गट चढतो आणि उतरून अमृततुल्यात चहा होईपर्यंत युक्रेन, गाझा, तैवान या सर्वांचा निकाल लागलेला असतो. त्या गटात मी बरीच वर्षे एक मोठी चूक करत होतो, आणि ती सभ्य दिसत असल्यामुळे कोणी दाखवूनही दिली नाही. देवाविषयी लागलेली सवय मी तशीच्या तशी राजकारणाला लावत होतो. कोणी काही ठाम बोलले की मी म्हणे, ‘‘अहो, खरे काय ते कोणालाच कळत नाही.’’ हे नम्रतेचे वाटते, पण असत्य आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणात अज्ञेय असे फारच थोडे असते. क्षेपणास्त्र कोणी सोडले, करारात कोणते कलम आहे, आदेश कोणी दिला, हे कोणाला तरी माहीत असते; ते आपल्यापासून लपवलेले असते किंवा अजून शोधले गेलेले नसते. अज्ञाताला अज्ञेय म्हटले की शोध थांबतो, आणि तो थांबावा अशी ज्यांची इच्छा असते त्यांचे आपण फुकट काम करतो.

इराकचे उदाहरण मी नेहमी देतो. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत छोटी कुपी हातात धरून सद्दाम हुसेन यांच्याकडे संहारक अस्त्रे असल्याचे ठामपणे सांगितले. संयुक्त राष्ट्रांचे तपासणी प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी मात्र अस्त्रे आहेत असेही म्हटले नाही आणि नाहीत असेही म्हटले नाही. ७ मार्चला त्यांनी परिषदेला सांगितले की उरलेल्या तपासाला वर्षे लागणार नाहीत, आठवडेही पुरणार नाहीत, महिने लागतील. म्हणजे प्रश्न अज्ञात होता आणि तो ज्ञात व्हायला किती वेळ लागेल याचा अंदाजही टेबलावर होता. तेवढे महिने दिले गेले नाहीत. २० मार्चला युद्ध सुरू झाले, आणि २००४ मध्ये अमेरिकेच्याच शोधपथकाने अशा अस्त्रांचे साठे सापडले नसल्याचे कळवले. अज्ञेयवादी माणसाने परराष्ट्र धोरणात कोणाचा आदर्श ठेवावा असे मला विचाराल तर मी ब्लिक्स यांचे नाव घेईन. ‘माहीत नाही’ म्हणून ते कुंपणावर बसले नाहीत. माहीत करून घेण्यासाठी त्यांनी मुदत मागितली.

यावरून एक सवय लावून घ्यावी. चर्चेत ‘काय खरे?’ असे विचारण्याऐवजी ‘हे कोणाला माहीत असू शकेल, आणि कधीपर्यंत कळेल?’ असे विचारावे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी बाल्टिक समुद्राखाली नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्यांवर स्फोट झाले, तेव्हा आमच्या गटात आठवडा संपायच्या आत तीन वेगवेगळे गुन्हेगार निश्चित झाले होते. स्वीडन आणि डेन्मार्क यांनी आपले तपास बंद केले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि जर्मनीचा तपास त्यानंतरही चालू राहिला. पाण्याखालच्या स्फोटाचा तपास दीड-दोन वर्षे चालतो एवढे ध्यानात ठेवले तरी चहाचे दोन-तीन कप कमी होतात.

याच्याही पुढचा घोटाळा ‘तटस्थ’ या शब्दाचा आहे. २ मार्च २०२२ रोजी रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावे अशी मागणी करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. १४१ देश बाजूने, ५ विरोधात आणि ३५ तटस्थ राहिले, आणि त्या ३५ मध्ये भारत होता. गटातले एक निवृत्त प्राध्यापक मला म्हणाले, ‘‘बघा, आपला देशही तुमच्यासारखा अज्ञेयवादी निघाला.’’ हसू आले, पण ते चूक होते. तटस्थ राहणारा देश काय घडले हे माहीत नसल्यामुळे तटस्थ राहत नाही. शस्त्रास्त्रे, तेल, शेजार, जुनी मैत्री यांचा हिशेब करून तो मत राखून ठेवतो. गाझाबाबत २७ ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, कारण हमासचा निषेध करणारी कॅनडाची दुरुस्ती भारताने पाठिंबा देऊनही मंजूर झाली नव्हती. १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले. त्या सहा आठवड्यांत दिल्लीला एखादे गूढ उलगडले असे नव्हे. म्हणून मतदानाचे आकडे पाहिल्यावर तेथेच थांबू नये. मतदानाच्या आधी किंवा नंतर अनेक देश जे स्पष्टीकरणाचे निवेदन करतात ते वाचावे, आणि भारताचे वाचावेच. नागरिकाने मात्र ही तटस्थता स्वतःवर पांघरून घेऊ नये. देशाला तेल विकत घ्यायचे असते; मला टेकडीवर कोणाकडून काही विकत घ्यायचे नसते.

पूर्ण कळल्याशिवाय कृती करता येत नाही, ही सबबही टिकत नाही. आगरकरांचेच पाहावे. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून अज्ञेयवादाकडे झुकलेला हा फर्ग्युसनचा प्राध्यापक परलोकाविषयी जेवढा साशंक, तेवढाच इहलोकाविषयी रोखठोक होता. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याचे वय दहावरून बारा झाले, त्या वादात ते कायद्याच्या बाजूने उभे राहिले, आणि याच पुण्यात त्यांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. दुसरे उदाहरण सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांचे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे यंत्रणेने दाखवले. खरे की खोटे हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता, पण पाचच क्षेपणास्त्रांनी कोणी अणुयुद्ध सुरू करणार नाही आणि जमिनीवरचे रडार काही दाखवत नाही, एवढ्यावर त्यांनी वरिष्ठांना इशारा खोटा असल्याचे कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता, हे नंतर निष्पन्न झाले.

आता वहीचे सांगतो, कारण माझ्या मते सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट तीच आहे. साधी शंभर पानी वही घ्यावी. पानावर तारीख, विधान आणि खात्री असे तीन रकाने आखावेत, आणि खात्री आण्यांत लिहावी. ‘सोळा आणे खरे’ हे आपण बोलतोच. मग बारा आणे आणि पाच आणे का लिहू नये? टक्क्यांत लिहायला गेलो की मी उगाच सत्त्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी असे हुशार आकडे टाकत असे. आण्यांत तशी लबाडी करायला जागा कमी असते. फेब्रुवारी २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यात मी वहीत लिहिले होते, ‘रशिया केवळ दबाव आणतो आहे, युद्ध होणार नाही, चौदा आणे.’ २४ तारखेला सैन्य सीमा ओलांडून आत शिरले. टेकडीवर मी तेव्हा ‘मला आधीच शंका होती’ असे म्हणून मोकळा झालो असतो, पण घरी येऊन वही उघडली आणि माझ्याच अक्षरातले चौदा आणे समोर आले. गुढीपाडव्याला मागच्या वर्षाची पाने काढून जमाखर्च पाहावा. जेथे जेथे बारा आणे लिहिले त्यांतले चारांपैकी तीन खरे ठरले का, एवढेच मोजावे. माझे दोनच ठरत होते. हल्ली मी बारा वाटले की दहा लिहितो.

या वहीत अज्ञेय प्रश्न लिहू नयेत, आणि हे मला चुकून कळले. दहाव्याहून आल्यावर मी तारीख घालून ‘कावळा’ असे लिहिले आणि पुढे सरळ आठ आणे टाकले. आठ आणे म्हणजे ‘माहीत नाही’ असे मला वाटले होते. परंतु आठ आणे हे उत्तर आहे. नाणे उडवले तर छापा पडेल की काटा हे सांगता येत नसले तरी त्या नाण्याविषयी आपल्याला पुष्कळ माहीत असते, आणि ते खाली पडून निकालही लागतो. काकांच्या बाबतीत खाली पडणारे काही नव्हते. मी आठ आणे खोडले, रकाना रिकामा ठेवला आणि त्याच ओळीखाली काकूच्या औषधांच्या दुकानाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवला, कारण तो दर महिन्याला लागतो आणि मी तो नेहमी विसरतो.