विमानानं समुद्रावर निघालात? बीच टेंट घेताना या चुका टाळा

बीच टेंट घेताना बहुतेक जण वजन बघतात, मग रंग, मग किंमत. विमानानं जायचं असेल तर या तिन्हींच्या आधी बघायची गोष्ट म्हणजे घडी केल्यावरची लांबी. दोन किलोचा टेंट कुठल्याही बॅगेत वजनाला भारी पडत नाही. पण पाऊण मीटर लांबीचं बोचकं घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या काउंटरवर उभं राहिलात की अडचण सुरू होते. आपल्याकडून गोव्याला किंवा अंदमानला जाताना बऱ्याचदा मुंबई, हैदराबाद किंवा बेंगळुरूला विमान बदलावं लागतं. दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर सामान मध्येच उतरवून पुन्हा जमा करावं लागतं. लेकरं, बॅगा आणि त्यात हातात वेगळा टेंट, हे टाळायचं असेल तर टेंट बॅगेच्या आतच मावला पाहिजे.

‘कॉम्पॅक्ट’ लिहिलंय म्हणून घेणं

ही सगळ्यात मोठी चूक. जाहिरातीत टेंट उघडलेला दाखवतात, मिटलेला नाही. देशांतर्गत विमानात केबिन बॅग साधारण ७ किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरपर्यंत चालते. हे माप बाहेरून, चाकांसकट धरलेलं असतं. आतली मोकळी लांबी ४८-५० सेंटीमीटरच्या पुढे क्वचितच जाते, आणि ओढायच्या दांड्याच्या नळ्या तळातली जागा खातात ती वेगळीच. म्हणून ४५ सेंटीमीटरपर्यंत घडी होणारा टेंट निवडा. चेक-इनच्या मध्यम सूटकेसमध्ये ६० सेंटीमीटरच्या काड्या तिरप्या बसतात, पण मग बाकीचं सामान त्यांच्याभोवती भरत बसावं लागतं.

हातातून सोडला की आपोआप उघडणारा टेंट दुकानात बघायला फार छान वाटतो. त्याच्या आत स्टीलच्या पट्टीची कडी असते आणि मिटल्यावर त्याची चपटी गोल थाळी होते. लहान बाळासाठीचा असेल तर ही थाळी सूटकेसमध्ये जाते. मोठी माणसं बसतील असा असेल तर ती एवढी मोठी होते की कुठल्याच सूटकेसमध्ये बसत नाही. छत्रीसारखा दोरी ओढून उघडणारा टेंट मिटला तरी बऱ्याचदा पाऊण मीटरपेक्षा लांब राहतो. त्या मानाने जोडाच्या काड्यांचा टेंट लावायला दहा मिनिटं जास्त घेतो, पण विमानासाठी तोच बरा. काड्या ॲल्युमिनियमच्या आणि आखूड तुकड्यांच्या असाव्यात. फायबरच्या काड्या स्वस्त असतात, पण वाकताना चिरतात आणि त्याची कुसं हातात घुसतात.

चारजणांच्या कुटुंबाला मी ताणल्या जाणाऱ्या कापडाचं छत सुचवीन. त्याच्या कोपऱ्यांच्या पिशव्यांत वाळू भरायची आणि काड्या खाली उभ्या करायच्या. त्याला तळ नसतो, सतरंजी वेगळी न्यावी लागते. पण घडी लहान होते आणि वारा आरपार जातो.

मेखा केबिन बॅगेत ठेवणं

धातूच्या टोकदार मेखा आणि हातोडी सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते. काड्यांबाबतचा निर्णयही तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात असतो. टेंट केबिनमध्ये न्यायचाच असेल तर मेखा आधीच चेक-इनच्या बॅगेत टाका, नाहीतर समुद्रावर पोचल्यावर टेंट आहे पण रोवायला काही नाही अशी वेळ येते.

काळ्या मातीवर टेंट तपासणं

ही चूक खास आपल्याकडची. शेतातल्या काळ्या मातीत वीतभर मेख ठोकली की ती घट्ट बसते, उपटायलाच जोर लागतो. मुरमातही धरते. त्यावरून टेंट मजबूत आहे असं समजू नका. कोरड्या वाळूत तीच बारीक गोल मेख, पहिल्या झोतासरशी, लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर येते. घरी तपासायचं असेल तर जवळपास बांधकामासाठी पडलेल्या वाळूच्या ढिगावर, विचारून, तपासा.

वाळूसाठी मेख लांब आणि रुंद पात्याची हवी, आणि ती टेंटपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोकायची. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे रिकाम्या कापडी पिशव्या. बाजारात घेऊन जातो त्याच चालतात. वाळू भरून तोंड बांधा, दोरी अडकवा आणि पिशवी फूटभर खोल पुरून टाका. विमानात या पिशव्यांचं वजन जवळजवळ नसतंच.

कोरड्या उन्हाच्या सवयीनं टेंट निवडणं

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, पण हवा कोरडी असते. लिंबाखाली बसलं, अंगावरचा घाम वाळला की बरं वाटतं. किनाऱ्यावर तापमान कमी असलं तरी हवा दमट असते, घाम वाळतच नाही. मालवणच्या किंवा गोव्याच्या वाळूवर तीन बाजूंनी बंद टेंट दुपारी भट्टीसारखा तापतो. म्हणून ऊन परतवणाऱ्या चंदेरी लेपाइतकंच जाळीच्या खिडक्यांना महत्त्व द्या. निदान मागच्या भिंतीला मोठी उघडणारी खिडकी हवीच.

कापडावर यूपीएफ ५० लिहिलेलं असेल तर त्यातून अतिनील किरणांचा सुमारे पन्नासावा भागच आत येतो. पण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणं परत फेकतो, आणि ती उघड्या बाजूनं आत शिरतात. तेव्हा टेंटमध्ये बसलेल्या लेकरालाही सनस्क्रीन लावा.

तोंड समुद्राकडं करून दिवसभर ठेवणं

कोकण आणि गोव्याला समुद्र पश्चिमेला आहे. सकाळी ऊन टेंटच्या पाठीवर असतं, तोंड लाटांकडं ठेवलं तर सावली छान मिळते. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला जातो आणि जमीन तापल्यामुळं वाराही समुद्राकडून जोरात यायला लागतो. म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही सरळ उघड्या तोंडात. वारा आत भरला की टेंट फुगतो, काड्या वाकतात, मेखा सुटतात. जेवणानंतर टेंट फिरवून त्याची पाठ समुद्राकडं करा, मागची खिडकी उघडी ठेवा आणि पाण्यात असलेल्या लेकरांवर नजर त्या खिडकीतून ठेवा. पुरी किंवा विशाखापट्टणमला समुद्र आग्नेयेला असल्यानं उन्हाचं गणित उलटं होतं, तिथं सकाळचं ऊन समुद्राकडून येतं; दुपारचा वारा मात्र तिथंही समुद्राकडूनच येतो.

आपल्याला गोदावरीचा काठ माहीत, नाथसागर माहीत. नदीचं पाणी पावसाप्रमाणं वाढतं, पण समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती जास्त वर येते. वाळूवर काटक्या, शिंपल्यांची एक ओळ दिसते, तिथवर मागची भरती आलेली असते. टेंट त्या ओळीच्या बराच वर लावा.

कोकणात वेळास, आंजर्ले आणि गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथं ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यापासून अंडी घालायला येतात. अशा किनाऱ्यावर वाळू खणण्याआधी वन खात्याच्या किंवा गावातल्या माणसाला विचारा. कुंपण घातलेल्या जागेजवळ तर मेख ठोकूच नका.

बिघडलं तर

काडी मध्येच चिरली तर चिरेवर धातूची नळी सरकवून दोन्ही कडांना चिकटपट्टी गुंडाळा. अशी नळी टेंटसोबत आली आहे का ते घेतानाच बघा. गोल थाळी मिटत नसेल तर जोर करू नका, कडीला इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा पीळ देऊन दोन्ही गोल एकमेकांवर आणा.

चेन अडकली तर ती वाळू असते. ओढाल तर दात तुटतील. गोड्या पाण्यानं धुवा, जुन्या टूथब्रशनं दात साफ करा, वाळल्यावर त्यावरून मेणबत्ती फिरवा. निघायच्या आदल्या दिवशी दुपारीच टेंट झाडून वाळवून ठेवा. ओलं कापड आणि त्याच्या घडीतली वाळू यांनी परतीच्या बॅगेचं वजन सहज किलोभर वाढतं, आणि घरी येईपर्यंत त्याला कुबट वास लागलेला असतो. घरी आल्यावर पुन्हा एकदा गोड्या पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवा, कारण आपल्याकडच्या कडक उन्हात लेप लवकर उडतो.