बारा पिचचा पंखा

बोटीच्या पंख्याच्या बोसवर, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मधल्या भागावर, आकडे ठोकलेले असतात. माझ्या हातात आलेल्या पहिल्या पंख्यावर होते ९ ७/८ × १२. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पाणी लाकडासारखं घट्ट असतं आणि पंखा त्यात स्क्रूसारखा घुसत गेला असता, तर एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकला असता तेवढा त्याचा पिच. हे मला तेव्हाही पाठ होतं. म्हणूनच चूक झाली. दहापेक्षा बारा इंच जास्त, म्हणजे बोट जास्त पळणार, एवढं सरळ गणित मी केलं.

आयटीआयला डिझेल मेकॅनिक करून मी तीन वर्षं टू-व्हीलरच्या गॅरेजात होतो. मग एका उस्तादाच्या हाताखाली ओबीएमच्या, म्हणजे आऊटबोर्ड मोटरच्या कामाला लागलो. घरचे हसले. नागपुरात, झिरो माईलच्या गावात, बोटीचा मेकॅनिक! पण काम आहे. तलावांवरचं बोटिंग, पेंच आणि गोसेखुर्दच्या जलाशयावरच्या बोटी, पावसाळ्याआधी बचाव पथकांच्या मोटरींची तपासणी, असं वर्षभर काही ना काही चालू असतं. मोटर दुरुस्त करणारे सापडतात, पंखा नीट जुळवून देणारे फार कमी. नवीन मुलांनी आधी तेच शिकावं असं मला वाटतं.

तर ती चूक. शहरापासून तासाभरावरच्या एका तलावावर फायबरची चौदा फुटी बोट होती, २५ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर. मालकाला स्पीड हवा होता. मी बारा पिच लावला, एकट्याने चक्कर मारली, बोट मस्त पळाली, मालक खूश. रविवारी सहा माणसं बसली. फुल थ्रॉटल दिला तरी बोटीचं नाक आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात रुतलेला, आणि इंजिनाचा आवाज दाबल्यासारखा घोगरा. मालकाने काठावरूनच शिव्या सुरू केल्या. उस्ताद सोबत होते. ते शांतपणे म्हणाले, "काहून बे, ट्रिपल सीट घेऊन टॉप गिअरमध्ये सेमिनरी हिल्स चढवून रायला का?"

पिच म्हणजे बोटीचा गिअर, आणि बोटीला तो एकच मिळतो. बाईकवर चढ आला की तुम्ही गिअर उतरवता. पाण्यात मधेच पंखा बदलता येत नाही, म्हणून काठावर असतानाच ठरवावं लागतं की ही बोट बहुतेक वेळा किती ओझं वाहणार.

इंजिनाला ओझं पेलतंय की नाही हे आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, सांगतात. प्रत्येक मोटरच्या पुस्तकात फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते. त्या मोटरची होती ५००० ते ६०००. नेहमीचं ओझं घेऊन, थ्रॉटल पूर्ण उघडून, आकडा या रेंजमध्ये पडला पाहिजे. कमी पडला तर पिच जास्त आहे, इंजिन ओढतंय, तापतंय, कार्बन धरतंय. रेंजच्या वर गेला तर पिच कमी आहे आणि इंजिन नुसतं किंचाळतंय. ढोबळ हिशेब असा की एक इंच पिच कमी केला की १५० ते २०० आरपीएम वाढतात.

माझ्या बारा पिचला सहा माणसांसह ४३०० आला. तेवढ्यावर न थांबता उस्तादांनी मला पुढचं गणित वहीत करायला लावलं. मोटरचा गिअर रेशो २.०८, म्हणजे इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा, तर ४३०० ला पंखा मिनिटाला साधारण २०६७ फेरे घेतो. गुणिले बारा इंच. ताशी जवळपास ३८ किलोमीटर. मोबाइलच्या जीपीएसवर बोट होती १५ वर. कागदावर पंखा ३८ ने धावतोय आणि बोट १५ ने, बाकीचं सगळं पाणी घुसळण्यात वाया. या फरकाला स्लिप म्हणतात, इथे ती ६० टक्के होती. स्लिप शून्य कधीच होत नाही, हलक्या पळणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के चालते, भरलेल्या बोटीला आणखी थोडी. पण साठ म्हणजे पेट्रोल तलावात ओतणं.

मग नऊ पिच लावला. हिशेबाने ६०० वाढून ४९०० यायला हवे होते, आले ५२००. कारण बोट एकदा पाण्यावर उचलली गेली की पाण्याचा अडसरच कमी होतो. वेग २६, स्लिप २४ टक्के. रिकामी बोट ५९०० ला गेली, तीही रेंजमध्ये. रिकाम्या बोटीचा टॉप स्पीड मात्र कमी झाला. मालकाला ते पटवायला दोन चहा लागले.

या मोजणीत माझा दुसरा घोळ झाला तो टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएम मोजायच्या मीटरचा. स्पार्क प्लगच्या वायरीला तार गुंडाळून लावायचा स्वस्तातला टॅको मिळतो, चांगला चालतो. पण ठिणगी दर फेऱ्याला पडते की दोन फेऱ्यांत एकदा, हे त्यात सेट करावं लागतं. फोर-स्ट्रोक आहे म्हणून मी दोन फेऱ्यांत एकदा केलं. बऱ्याच ओबीएममध्ये ठिणगी दर फेऱ्याला पडते, एक कामाची आणि एक फुकटची. टॅकोने १०,४०० दाखवले आणि मी घाबरून मोटर बंद केली. उस्ताद हसून हसून बेजार. आकडा अचाट वाटला तर आधी त्याला दोनाने भागून पाहा.

आरपीएम कमी येतोय म्हणून लगेच पंख्याला दोष देऊ नका. आधी बोटीचं बूड पाहा, शेवाळ धरलंय का. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या साधारण रेषेत हवी. मोटर फार वर बसली तर पंखा हवा ओढतो, आरपीएम एकदम चढतो आणि बोट जागची हलत नाही. फार खाली बसली तर ती ओझ्यासारखी घासत जाते. जलपर्णी असलेल्या तलावात दर चकरेनंतर पाती साफ करा. विसर्जनानंतरच्या दिवसांत हारांचे दोरे पंख्यामागे शाफ्टला गुंडाळले जातात, सील कापतात, आणि पाणी शिरून गिअर ऑइल दुधासारखं होतं. पंखा काढलाच आहे तर तेवढं पाहून घ्या. काढण्याआधी मोटर न्यूट्रलला, आणि प्लगच्या वायरी काढून ठेवलेल्या.

चार पात्यांचा घ्यावा की तीन, स्टीलचा की ॲल्युमिनियमचा, यावर तरुण पोरं तासन्‌तास बोलतात. आपल्या तलावांत दगड आणि झाडांची खोडं आहेत, तिथे ॲल्युमिनियम मोडलेला परवडतो. स्टीलचा सगळा दणका गिअरबॉक्सला जातो. विषय संपला.

बचाव बोटींचं वेगळं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला आणि वस्त्यांत बोटी फिरवाव्या लागल्या, ते नागपूरकर विसरलेले नाहीत. गल्लीतल्या पाण्याखाली डिव्हायडर, पडलेल्या गाड्या, काय काय असतं. तिथे वेग कोणाला हवाय? भरलेली बोट रांगत पण ठाम चालली पाहिजे. अशा बोटीला मी कमी पिचचाच पंखा सुचवतो, आणि जोडीला एक स्पेअर, नट आणि स्प्लिट पिनसकट. पुरानंतर माझ्याकडे आलेल्या एका पंख्याची तिन्ही पाती फुलासारखी मुडपलेली होती.

एक गोष्ट मला पुस्तकात दिसली नाही, उस्तादांनी सांगितली. ते वीस वर्षं मुंबईला बोटींच्या कामात होते. तिथे जुळवलेला पंखा इथे मे महिन्यात जड पडतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के घटते. त्यात पारा ४५ ला टेकला की हवा आणखी विरळ होते. दोन्ही मिळून समुद्रकाठच्या २५ अंशांच्या हवेपेक्षा इथली हवा दहा टक्क्यांच्या आसपास हलकी, आणि ताकद साधारण त्याच मापाने कमी. म्हणून मी टेस्ट मे महिन्यात, दुपारी, माणसं भरून घेतो. गिऱ्हाईक वैतागतं, "अरे बाप्पा, उन्हात काहून?" पण मे महिन्यात चाललेला पंखा बारा महिने चालतो.

त्याच बोटीवर या जानेवारीत परत मोजलं. सहा माणसं, सकाळची थंड हवा, नऊ पिच, आकडा ५४००. साडेदहाचा लावला तर रेंजच्या तळाशी बसेल आणि थोडा वेगही मिळेल, म्हणून मी मालकाला विचारलं. तो म्हणाला, "उन्हाळ्यात परत काढायला तूच येशील अन्‌ परत पैसे घेशील. राहू दे." त्याचं खरं आहे. नऊच ठेवलाय.