भिंतीतला पिंपळ मारू नका, हलवा

पावसाळा लागला की ठाण्यातल्या जुन्या इमारतींच्या पॅरापेटवर, पाइपांच्या सांध्यांत, सज्ज्यांच्या कोपऱ्यांत पिंपळ, वड आणि उंबर डोकं वर काढतात. नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या सेक्टरांतही तेच. मग दोनांपैकी एक होतं. पिंपळावर मुंजा, उंबराखाली दत्तगुरू, म्हणून कोणी हात लावत नाही आणि काही वर्षांत मूळ सळईपर्यंत पोचतं. नाहीतर रंगारी येतो, वरून छाटतो, भेगेत ॲसिड ओततो. ॲसिडने सिमेंट खाल्लं जातं, सळई गंजते आणि आत उरलेल्या मुळातून पुढच्या पावसाळ्यात दोन फुटवे येतात. मिठाच्या पाण्याचंही तसंच: झाडाआधी लोखंडाचं वाटोळं.

तिसरा मार्ग म्हणजे रोप मुळासकट सोडवून मातीत लावणं. काम अर्ध्या तासाचं आहे, पण घाई केली की फसतं.

कोणतं रोप घ्यायचं

आधी ओळख. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते. पायरीचं पान तसंच दिसतं, पण शेपटी आखूड. वडाचं पान जाड, अंडाकृती, कोवळं असताना लवदार. उंबराचं त्यापेक्षा पातळ आणि लांबट. देठ मोडला की सगळ्यांतून पांढरा चीक येतो. बी आणतात बुलबुल, मैना, कोकीळ, तांबट. फळं खाऊन कठड्यावर शिटतात. बी मोहरीहून बारीक, त्यामुळे नखभर धूळ आणि थोडी ओल त्याला पुरते. याच कारणाने ही रोपं बहुधा गळक्या पाइपाजवळ दिसतात. रोप निघालं तरी गळती तशीच राहिली, तर त्याच जागी पुन्हा उगवणार.

पेन्सिल ते करंगळीइतकं जाड आणि वीतभर ते हातभर उंच रोप सगळ्यात चांगलं. अंगठ्याहून जाड खोड म्हणजे मूळ विटांच्या थरात शिरलेलं. ते अख्खं निघत नाही, आणि ओढताना प्लास्टरचा पोपडा खाली कोणाच्या डोक्यात पडू शकतो. असं काम इमारतीच्या दुरुस्तीबरोबर करावं. झाड म्हणण्याइतकं वाढलं असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये. राज्याचा १९७५ चा नागरी वृक्षसंरक्षण कायदा खाजगी आवारालाही लागू आहे.

बाहेरच्या भिंतीवर लटकून हे करायचं नाही. गच्ची, आवाराची भिंत, जिन्याची खिडकी, जिथे दोन्ही पाय जमिनीवर टेकतात तिथलीच रोपं घ्यावीत. बाकीची रंगकामाची परांची लागेल तेव्हा. रंगाऱ्याला आधी सांगून ठेवलं आणि ओलं गोणपाट हातात दिलं, तर तोही काढून देतो.

आदल्या संध्याकाळी

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा ढगाळ दिवस धरावा. भिंत भिजलेली असते, हवेत दमटपणा असतो, पानं कोमेजत नाहीत. आदल्या संध्याकाळी भेगेत तांब्या-तांब्याने तीन-चार वेळा पाणी सोडावं.

घरात कोणाच्या मनात धाकधूक असेल तर तीही याच वेळी मिटवावी. झाड तोडण्याआधी त्यात राहणाऱ्या भूतमात्रांना नमस्कार करून 'नैवेद्य घ्या आणि वस्ती बदला' अशी विनंती करायची, हे ज्योतिषी वराहमिहिराने दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. पूजा रात्री आणि सकाळी झाडाला पाणी घालून मग काम, असा क्रम त्याने दिला आहे. आपण तर तोडतही नाही, फक्त पत्ता बदलतो. हळदकुंकू, चिमूटभर साखर आणि चार शब्द पुरेत. फक्त नैवेद्याचं दूध किंवा तेल भेगेत ओतू नये, मुंग्या येतात.

सोडवणं

लागतं ते असं: अर्ध्या इंचाची छिन्नी, लहान हातोडी, पेचकस, धारदार कात्री, हातमोजे, बादलीभर पाणी, ओलं गोणपाट, सुतळी.

१. पानं कमी करा. शेंड्याची दोन-तीन ठेवून बाकीची कात्रीने देठाजवळ कापा, ठेवलेलीही अर्धी करा. इथेच बहुतेकांचा हात थांबतो. पण मूळ तुटल्यावर रोपाला पाणी ओढता येत नाही आणि पानं मात्र पाणी उडवत राहतात. सगळी पानं राखली की रोप तिसऱ्या दिवशी मान टाकतं. चीक पाण्याने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

२. खोडाभोवती दोन-तीन इंचांचं प्लास्टर छिन्नी तिरपी धरून खरवडा. छिन्नीचं तोंड खोडाकडे नाही, बाहेरच्या बाजूला.

३. आता मूळ दिसेल. भेगेतलं मूळ गोल नसतं. विटेच्या आणि प्लास्टरच्या मधे दाबून ते रिबिनीसारखं चपटं झालेलं असतं आणि एकाच दिशेला, बहुधा ओलीकडे, धावतं. पेचकसाने त्याच्या दोन्ही कडा मोकळ्या करत त्या दिशेने जा.

४. खोड धरून ओढू नका. ओढलं की मुळाची साल पायमोज्यासारखी निघून भिंतीत राहते आणि हातात गुळगुळीत पांढरी काडी येते. ती काडी लागत नाही. वीतभर मूळ मोकळं झालं की तिथे कात्रीने एका झटक्यात काप घ्या. बारीक तंतुमुळं जितकी येतील तितकी आणा. खरी मदार त्यांच्यावर आहे.

५. लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि तासाभरात मातीत लावा. जमत नसेल तर मुळं साध्या पाण्यात बुडवून सावलीत ठेवा, रात्रभर चालतं.

भेगेत उरलेलं मूळ पेचकसाने शक्य तितकं उकरून काढा. आधी गळती थांबवा. पावसाळा संपून भिंत वाळली की एकास तीन सिमेंट-वाळूत वॉटरप्रूफिंगचं रसायन मिसळून भेग दाबून भरा. ओल्या भिंतीत भरलेला माल सुटतो.

पिशवीतले दिवस

दोन भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा. नर्सरीची सहा बाय आठ इंची काळी पिशवी किंवा तेलाचा पाच लिटरचा डबा कापून. तळाला भोकं हवीतच. मोठी कुंडी देण्याचा मोह टाळा. एवढ्याशा मुळाला तेवढी माती सुकवता येत नाही, पाणी साचतं आणि मुळं काळी पडून कुजतात. पहिला महिना खत नाही.

वरून पारदर्शक पिशवी सैल पालथी घाला, दिवसातून एकदा काढून हवा द्या, दहा-बारा दिवसांनी कायमची काढा. जागा उजेडाची पण उन्हाची नाही. तीन आठवड्यांनी सकाळचं ऊन. ठेवलेली पानंही आठवड्यात गळतील, त्याने घाबरू नये. खोडाची साल नखाने किंचित खरवडून बघा: हिरवी असेल तर जीव आहे, तपकिरी आणि कोरडी असेल तर गेलं. पिंपळ जगला की टोकाला तांबूस, चकचकीत, ओलसर वाटणारं पान उलगडतं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, येतो. आधी पाण्याचा जोरदार फवारा. नाही गेला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब साबण मिसळून संध्याकाळी मारा. पिशवी दर पंधरा दिवसांनी जागेवरून हलवत जा, नाहीतर मुळं भोकांतून गॅलरीच्या लाद्यांच्या सांध्यात शिरतील आणि पुन्हा तेच रामायण. वर्षभराने बारा इंची कुंडी, दुसऱ्या वर्षी चार-पाच फुटांचं झाड.

कुठे लावायचं

इथेच लोक चुकतात. घोडबंदर रोडवरच्या संकुलांत बाग बहुधा पोडियमवर असते. खाली पार्किंग, वर उथळ माती. तिथे यांपैकी एकही झाड नको. पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर नको, विजेच्या तारांखाली नको, खाडीकाठच्या खारफुटीत नको. येऊरच्या जंगलात गुपचूप नेऊन लावणं तर नकोच; तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथल्या वडा-उंबरांना पक्षी पुरेसे आहेत.

इमारत, सेप्टिक टँक आणि गटाराच्या पाइपांपासून तीस-चाळीस फूट दूर, वर मोकळं आकाश, अशी जागा देवळाच्या मोठ्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, गावठाणात किंवा शहापूर-मुरबाडकडे कोणाच्या शेताच्या बांधावर मिळते. महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी विचारलं तर कधी तेही रोप घेतात.

दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा मे महिन्यात खणून तापू द्यावा. दोन-तीन चांगले पाऊस झाले की निघालेल्या मातीत दोन घमेली शेणखत मिसळून रोप लावावं. मुळं कुंडीत गोल फिरलेली असतील तर बोटांनी मोकळी करावीत. तशीच लावली तर पुढे तीच झाडाचा गळा आवळतात. बांबूचा आधार, सुती पट्टीने आठच्या आकड्यात सैल बांधलेला. भोवती जाळी लागतेच, शेळ्यांना ही पानं भारी आवडतात. खोडापासून वीतभर सोडून वाळक्या पाल्याचा तीन इंची थर. पहिल्या वर्षी डिसेंबर ते मे दर चार-पाच दिवसांनी दहा लिटर पाणी, दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा. हे पाणी कोण घालणार त्याचं नाव खड्डा खणण्याआधी ठरवा.

सिमेंटचा पार इतक्यात बांधू नका. वटपौर्णिमेला तलावपाळीच्या बाजारात वडाच्या फांद्या विकत मिळतात. कुंडीतला वड असेल तर त्या घ्यायची गरज नाही. घेतलीच असेल आणि खालचा भाग अंगठ्याएवढा जाड असेल, तर पूजा झाल्यावर त्याच दिवशी फूटभराचा तुकडा तिरपा कापून, पानं काढून, अर्धा मातीत खोचा. वड असा फुटतो. पिंपळाचा तुकडा क्वचितच. कुंडीतल्या वडाला दोरा गुंडाळायचा तर सुती आणि सैल, आणि चार दिवसांनी कात्रीने काढून टाकायचा. नायलॉनचा दोरा विसरला की वर्षभरात खोडात रुततो आणि वरचा भाग वाळतो.