हिरड्यांतलं रक्त आणि तिळाचं तेल

मागच्या पावसाळ्यात ब्रश केला की थुंकी गुलाबी दिसायची. पेरू चावला तर फोडीवर रक्ताचा डाग. मला मधुमेह आहे. हिरड्या सुजलेल्या असल्या की साखरही आटोक्यात ठेवणं अवघड जातं, म्हणून आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन साचलेलं कीटण काढून घेतलं. कडक झालेलं कीटण तेलाने निघत नाही, हे आधीच सांगते.

त्यानंतर गुळण्यांसाठी तेल सुरू केलं. सकाळी उपाशीपोटी, घाण्यावरचं तिळाचं, किंचित कोमट. पहिल्या दिवशी तोंड गच्च भरलं आणि मळमळायला लागलं. तोंड भरून तेल नुसतं धरून ठेवायचं तो गंडूष. खळखळवता येईल इतकंच घ्यायचं तो कवल. मला कवल जमला. एक मोठा चमचा, पाच मिनिटं. तेल पातळ, पांढुरकं झालं की थुंकायचं. गिळायचं नाही. आणि बेसिनमध्ये तर नाहीच, पाइप तुंबतो. मी जुन्या वर्तमानपत्रात थुंकून कचऱ्यात टाकते. मग कोमट पाण्याची चूळ, तांब्याच्या पट्टीने जीभ साफ आणि नेहमीचा ब्रश.

चरकसंहितेत म्हटलंय की तेलाच्या गुळण्यांनी घसा कोरडा पडत नाही, ओठ फुटत नाहीत. ओठांचं मला यंदाच्या थंडीत पटलं. रक्त मात्र दीड महिन्यातच थांबलं होतं.

आजीची मशेरीही जुनीच, पण ती भाजलेली तंबाखू. तिला आमच्या घरात आता थारा नाही.