जुनी गाडी सदोष निघाली तर ती परत कशी करायची

नुकतीच घेतलेली जुनी गाडी त्रास देऊ लागली असेल, तर आधी ती उभी करा. लगेच दुरुस्तीला टाकू नका, आणि "सध्या चालवून घेऊ, सवड मिळाली की बघू" असंही करू नका. गाडी परत करण्यासाठी तुमची बाजू सर्वांत भक्कम असते ती याच सुरुवातीच्या दिवसांत. हातची जाते तीही याच दिवसांत.

मी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून ती जॉब कार्डवर उतरवायची आणि मेकॅनिकला काय सापडलं ते गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं, हे माझं काम. जुनी गाडी घेऊन अडकलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, तोवर बहुतेकांचं इंजिन दुसरीकडे कुठेतरी उघडून झालेलं असतं आणि काढलेले पार्ट भंगारात गेलेले असतात. मग ती विचारतात, "आता परत करता येईल का हो?" तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यांच्या बाजूनं बोलणारा पुरावा त्यांनीच पैसे मोजून नाहीसा केलेला असतो.

दुरुस्ती का नको, तर एकदा गाडी खोलली की विकणारा म्हणतो, "तुमच्या मेकॅनिकनं बिघडवली." त्याला ते सिद्ध करावं लागत नाही, तुमच्या बाजूला शंका उभी राहिली तरी त्याचं काम होतं. शिवाय दोष कळल्यावरही महिनाभर गाडी वापरत राहिलात, तर तुम्ही ती आहे तशी स्वीकारली असा अर्थ निघतो. गाडी रस्त्यात बंद पडली तर टो करून घरी किंवा वर्कशॉपला न्या आणि टोइंगची पावती ठेवा. काही खोलणं अगदीच भाग असेल तर आधी विकणाऱ्याला लेखी कळवा, खोलण्यापूर्वी आणि खोलताना फोटो घ्या, आणि निघालेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून जपून ठेवा.

दोष की झीज

हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, कारण समोरचा हेच विचारणार आहे. ब्रेक पॅड, वायपर, बॅटरी, टायर या झिजणाऱ्या वस्तू आहेत. वय झालेल्या गाडीत त्या झिजलेल्या असणारच, आणि तेवढ्यासाठी गाडी परत घ्यायला कोणी तयार होत नाही. क्लच या दोन्हींच्या मधोमध येतो. गाडी खूप चाललेली असेल तर क्लच प्लेट संपणं स्वाभाविक, पण "क्लच नवीन टाकलाय" असं सांगून विकली असेल तर तो खोटेपणा झाला. हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलेलं, गिअर सुटणं, अपघातानंतर चॅसिस (गाडीचा सांगाडा) वेल्डिंग करून जोडलेली, पुराच्या पाण्यात बुडालेली, मीटर मागे फिरवलेला, हे सगळं मात्र गाडी परत करण्याइतकं गंभीर आहे. एअरबॅगचा दिवाही बघा. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, आणि हा थेट जिवाशी संबंध असलेला प्रश्न आहे.

पुरावा गोळा करताना

सर्वांत आधी जाहिरात. गाडी विकली गेली की ती काढून टाकतात, म्हणून तक्रारीचा फोन करण्याआधीच शोधा. फोटो, वर्णन, किलोमीटर, "इंजिन एकदम टकाटक" अशी वाक्यं, सगळ्यांचे स्क्रीनशॉट घ्या. व्यवहाराआधीचे मेसेजही जपा. "अपघात झालाय का?" या तुमच्या प्रश्नाला "नाही" एवढं एका शब्दाचं उत्तर आलेलं असेल, तरी त्याची किंमत मोठी आहे.

मग थंड इंजिनचा व्हिडिओ. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना, न थांबवता, एकाच तुकड्यात शूट करा: आधी चॅसिस नंबर, मग मीटरवरचे किलोमीटर, मग चावी फिरवणं, डॅशबोर्डवरचे दिवे, इंजिनचा आवाज, आणि मागे जाऊन सायलेन्सर. सायलेन्सरमागे कोणाला तरी उभं करता आलं तर उत्तम. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) इंजिनच्या आत जातंय. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. थंड हवेत सुरुवातीला थोडी वाफ दिसतेच, तिला दोष म्हणू नका. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसला म्हणूनही लगेच हेड गॅस्केटचं नाव घेऊ नका. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही तो जमतो. कच्चा पुरावा पुढे केलात की तुमच्या पक्क्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो. पेट्रोल गाडीत हेड गॅस्केटसाठी एक सोपी चाचणी आहे: रेडिएटरच्या तोंडाशी निळं रसायन भरलेली नळी लावतात, आणि कूलंटमध्ये जळालेला वायू मिसळत असेल तर ते रसायन पिवळं पडतं. याचा व्हिडिओ जरूर घ्या, बघणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

आता स्कॅनर. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण याची ताकद फार थोड्यांना माहीत असते. अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला स्कॅनर लावला की साठवलेले फॉल्ट कोड दिसतात. पी०३०० आला तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, पी०४२० आला तर धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा त्याचा अर्थ. विकण्याआधी हे कोड पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुसले की चेक इंजिनचा दिवाही विझतो. पण बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, याचीही नोंद राहते. मेकॅनिकला सांगून स्कॅनरवर तो आकडा काढायला लावा. समजा, तुम्ही गाडी घेऊन दोनशे किलोमीटर चालवलीत आणि कोड पुसल्यापासूनचं अंतर दोनशे दहा दाखवतंय, तर कोड व्यवहाराच्या तोंडावर पुसले गेले आहेत. बॅटरी काढली तरी ही नोंद शून्य होऊ शकते. तेव्हा विकणारा "बॅटरी बदलली होती" म्हणेल. म्हणू द्या, आणि बॅटरीची पावती मागा. स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढताना मीटरही त्याच फोटोत येऊ द्या. कोड मात्र पुसायचे नाहीत, हे मेकॅनिकला आधीच बजावून ठेवा. आमच्यातल्या अनेकांचा हात सवयीनंच त्या बटणाकडे जातो.

मीटर फिरवल्याची शंका असेल तर जुन्या सर्व्हिस नोंदी मिळवा. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या किंवा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) कंट्रोल युनिटमध्येही किलोमीटर साठवलेले असतात आणि ते डॅशबोर्डशी जुळत नाहीत. पुराच्या गाडीत सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावरची मातीची रेघ सहसा कोणी धूत नाही.

मेकॅनिकचा लेखी अहवाल

तपासणी अशा ठिकाणी करा जिथे तुम्ही ती गाडी दुरुस्त करून घेणार नाही, आणि हे त्यांना आधीच सांगा. मग अहवालात कामाचा लोभ उतरत नाही. अहवालात तारीख, मीटर वाचन आणि सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर हवाच (या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, म्हणजे एक आणि शून्य ओळखताना घोटाळा होत नाही). "इंजिन खराब" एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नका. काय तपासलं, काय आढळलं, कारण काय, आणि सर्वांत महत्त्वाचं, दोष केव्हापासूनचा असावा, हे लिहून घ्या. "ही झीज गेल्या दोनशे किलोमीटरमध्ये होणं शक्य नाही" असं एक वाक्य सहीशिक्क्यासह मिळालं, तर निम्मी लढाई तिथेच जिंकलात. खात्री नसेल तर मेकॅनिक असं लिहिणार नाही, आणि त्याच्यावर तसा दबावही आणू नका.

पत्र

फोन करा, पण फोनवर थांबू नका. प्रत्येक फोननंतर "आत्ता आपलं बोलणं झालं त्यानुसार" अशी सुरुवात करून मेसेज पाठवा. खरं काम पत्राचं. ते ईमेलनं पाठवा आणि पोच मिळेल अशा टपालानंही पाठवा. एका पानाच्या आत, साधारण असं:

"मी आपल्याकडून अमुक तारखेला अमुक क्रमांकाची गाडी अमुक रकमेला घेतली. जाहिरातीत इंजिन उत्तम असल्याचं म्हटलं होतं. अमुक तारखेला, घेतल्यापासून अमुक किलोमीटरवर, गाडी तापून बंद पडली. तपासणीत हेड गॅस्केट निकामी असल्याचं आढळलं, अहवाल सोबत जोडला आहे. त्या दिवसापासून गाडी उभी आहे. मी गाडी परत करत असून पूर्ण रक्कम अमुक तारखेपर्यंत परत मिळावी. गाडी कोणत्या दिवशी ताब्यात घेणार, ते लेखी कळवावं."

यात "फसवणूक", "पोलीस", "बदनामी" यातला एकही शब्द नाही. राग येणं स्वाभाविक आहे, कष्टाचे पैसे आहेत. पण उद्या हे पत्र तिऱ्हाईत माणूस वाचणार आहे, आणि त्याला फक्त काय घडलं ते कळायला हवं. मागणी एकच ठेवा. "परत घ्या, नाहीतर दुरुस्त करा, नाहीतर थोडे पैसे द्या" असं लिहिलंत की समोरचा त्यातलं सर्वांत स्वस्त निवडतो. गाडी हवी आहे का नको, हे घरच्यांशी बोलून पत्राआधी ठरवा.

उत्तरं ठरलेली असतात. "आमच्याकडून गेली तेव्हा ठीक होती" याला अहवाल पुढे करा. "जशी आहे तशी या बोलीवर घेतलीत" असं म्हणाले, तर ही बोली जाहिरातीतल्या खोट्या वर्णनाला झाकत नाही, हे सांगा. "आमच्या मेकॅनिकला एकदा बघू द्या" ही मागणी मात्र रास्त आहे, ती नाकारू नका. फक्त तपासणी तुमच्यासमोर होऊ द्या, आणि गाडी सोडावीच लागली तर मीटर वाचन, तारीख आणि "फक्त तपासणीसाठी" असं लिहिलेली पोच घ्या. दुरुस्तीची एक संधी द्यायची ठरवलीत, तर काय करणार, किती दिवसांत करणार आणि तोच दोष पुन्हा आला तर पैसे परत, या तीन गोष्टी आधी लिहून घ्या.

कायदा आणि मुदत

नियम देशागणिक वेगळे आहेत, पण मुदत सगळीकडे आहे. ब्रिटनमध्ये २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर व्यापाऱ्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. युरोपीय संघात व्यापाऱ्याची जबाबदारी दोन वर्षांची आहे, जुन्या वस्तूंसाठी ती करारानं कमी करता आली तरी एका वर्षाच्या खाली नेता येत नाही, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातलाच मानला जातो. भारतात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. हे सगळं व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीबद्दल. स्वतःची गाडी विकणाऱ्या खासगी माणसाकडून घेतली असेल तर संरक्षण बरंच कमी होतं आणि त्यानं काय सांगून विकली यावरच सगळं येऊन थांबतं. म्हणूनच जाहिरात आणि मेसेज जपायला सांगितलं.

गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्यालाही त्याच दिवशी लेखी कळवा. हप्ते मात्र थांबवू नका. वाद विकणाऱ्याशी आहे, हप्ता चुकल्याची नोंद तुमच्या नावावर होते.

गाडी सोपवताना

विकणारा तयार झाला की माणसं हायसं वाटून घाई करतात. इथे तर जास्तच सावध राहा. पैसे खात्यात जमा झाल्याचं स्वतः बघितल्याशिवाय दोन्ही चाव्या आणि मूळ कागदपत्रं देऊ नका. धनादेश असेल तर तो वटू द्या. चारी बाजूंनी फोटो, मीटरचा फोटो. डिक्की आणि डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करा, गाडीच्या स्क्रीनमधून तुमचा फोन, संपर्क आणि घरचा पत्ता काढून टाका, टोलचा टॅग तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर तो बंद करा. पोच पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घ्या, कारण त्या क्षणानंतरचा दंड किंवा अपघात तुमच्या माथी येता कामा नये. आणि नोंदणीवरून तुमचं नाव उतरल्याचा कागद हातात येईपर्यंत विमा रद्द करू नका.